पत्ता नसलेल्या माणसाचा उपचार



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्या बाई मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होत्या. केसपेपरवर ‘नाव : अज्ञात, पत्ता : नाही’ असं लिहून आलेल्या रुग्णांशी बोलणं, त्यांच्या तोंडून गावाचं, नदीचं, जत्रेचं नाव निघेपर्यंत त्यांच्याजवळ बसणं आणि मग पोलिसांना, तहसील कार्यालयांना पत्रं लिहीत राहणं हे त्यांचं काम. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. निदान करायला मी महाविद्यालयात शिकले. रुग्ण बरा झाल्यावर कुठे जातो, हा प्रश्न मात्र बाईंसारख्या माणसांमुळे माझ्यापुढे आला. म्हणून आज रस्त्यावर राहणाऱ्या माणसांचे मानसिक आजार, त्यांची व्यसनं आणि त्यांचे उपचार यांविषयी बोलायचं ठरवलं.

मला मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. या आजारांवर औषधं आहेत, कायदा आहे आणि काम कसं करावं हे दाखवून दिलेली माणसंही आपल्याच देशात आहेत. अडतं ते दुसरीकडे. रुग्णाला पत्ता असणार आणि सोबत नातेवाईक असणार, असं धरूनच आपली उपचारव्यवस्था चालते. ज्याला दोन्ही नाहीत तो खिडकीवरूनच परत जातो. म्हणून डोक्यावरचं छप्पर आणि सोबतीचं माणूस या गोष्टी बरं झाल्यावर मिळायच्या नसून त्या उपचाराचाच भाग आहेत, असं माझं म्हणणं आहे. औषध त्यांच्या आधारानेच काम करतं.

आधी हे लोक कोण आहेत ते पाहू. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर माणसं मोजली गेली. त्यांपैकी २ लाख १० हजारांच्या आसपास महाराष्ट्रात होती. रात्री पुलाखाली, फलाटावर, दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्यांची मोजणी अवघड असते, त्यामुळे हा आकडा कमीच असणार असं या क्षेत्रातले लोक सांगत आले आहेत. त्यांच्यात मानसिक आजार किती, याचं उत्तर तर त्याहून धूसर आहे. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण हे मोठं आणि मोलाचं काम आहे. पण ते घरोघरी जाऊन झालं. घराचं दार ठोठावून केलेल्या मोजणीत दार नसलेला माणूस येत नाही. पत्त्याची अट इथूनच सुरू होते.

रस्त्यावर येण्याच्या वाटा अनेक आहेत. स्किझोफ्रेनियाचा तरुण कानात येणाऱ्या आवाजांच्या सांगण्यावरून घर सोडतो, मिळेल त्या गाडीत बसतो आणि दोन हजार किलोमीटरवर, जिथली भाषाही त्याला कळत नाही अशा स्टेशनवर उतरतो. बाळंतपणानंतर मन बिघडलेल्या एखाद्या बाईला सासरी ठेवत नाहीत आणि माहेरी घेत नाहीत. एखादा कामगार उन्मादाच्या झटक्यात नोकरी आणि पैसा घालवून बसतो, आणि मग लाजेपोटी घरी परततच नाही. काहींच्या बाबतीत क्रम उलटा असतो. काम सुटतं, खोली जाते, माणूस फुटपाथवर येतो आणि दारू किंवा गर्द त्यानंतर सुरू होतं.

रस्त्यावरच्या व्यसनाकडे नीट पाहायला हवं. जिथे रात्री कोणीही लाथ मारून उठवू शकतं तिथे झोप लागावी म्हणून माणूस देशी दारू पितो. भुकेची कळ दबावी म्हणून स्टेशनवरचा मुलगा व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्यूशन फडक्यावर घेऊन हुंगतो. आवाज बंद व्हावेत म्हणून आजारी माणूस गांजा ओढतो आणि त्याने आवाज अधिकच वाढतात. व्यसनामुळे मनाचा आजार चिघळतो, आजारामुळे व्यसन सुटत नाही, आणि दोन्हींमुळे घराची वाट बंद होते. यातलं आधी काय झालं हे शोधत बसण्यापेक्षा तिन्ही गोष्टींना एकदम हात घालणं महत्त्वाचं आहे.

आता आपण करतो काय? मनोरुग्णालयात नेलं तर उत्तर मिळतं, ‘हा पिलेला आहे, आधी व्यसनमुक्ती केंद्रात न्या.’ केंद्रात नेलं तर ते म्हणतात, ‘हा भ्रमात आहे, आधी मनोरुग्णालयात दाखवा. आणि याच्या घरचं कोण आहे? फॉर्मवर सही कोण करणार?’ प्रत्येक दारावरचा माणूस आपापल्या नियमाने बरोबर असतो. त्या दोन दारांमधल्या रस्त्यावर रुग्ण मात्र वर्षानुवर्षं राहतो.

कायदा या बाबतीत फार स्पष्ट आहे, आणि तो पुरेसा वाचला जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८च्या मे महिन्यात अमलात आला. त्याच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था येतात. म्हणजे ‘हा व्यसनी आहे, मनोरुग्ण नाही’ असं म्हणून हात झटकायला कायद्यात जागा नाही. कलम १८ म्हणतं की निराधार आणि बेघर माणसाला सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार मोफत मिळाले पाहिजेत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडे कार्ड असो वा नसो, त्यालाही हाच हक्क आहे. कलम १४मध्ये नातेवाईकाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. रुग्णाचं कोणीच नसेल, तर मानसिक आजारी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा माणूस तात्पुरता त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी होऊ शकतो.

कलम १०० पोलिसांसाठी आहे. मानसिक आजार असलेला, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्यावं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं, कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवू नये, आणि हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा. हे ठाणे अंमलदाराचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

याच राज्यात १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदाही आहे. उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो आहे, एवढ्यावर त्या कायद्याखाली माणसाला पकडता येतं आणि भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षं ठेवता येतं. २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातल्या ज्या तरतुदींमुळे भीक मागणं गुन्हा ठरतं, त्या दिल्लीपुरत्या रद्द केल्या. आपल्याकडे तो अजून आहे. म्हणजे एकाच फुटपाथवर बसलेल्या एकाच माणसाला एक कायदा रुग्ण मानतो आणि दुसरा आरोपी. गाडीतून उतरणाऱ्या हवालदाराला त्यांपैकी कोणता कायदा शिकवला आहे, यावर त्या माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं.

उपचार प्रत्यक्षात कसा होतो, ते आता थोडं सविस्तर सांगते, कारण खरी अडचण तिथेच कळते.

डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दाम्पत्याने मुंबईत १९८८मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनची सुरुवात केली. रस्त्यावर नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. त्याला त्यांनी आपल्या दवाखान्यात आणलं, आंघोळ घातली, उपचार केले. तो सुशिक्षित, चांगल्या घरातला निघाला, आणि त्याचं घर आंध्र प्रदेशात सापडलं. तिथून सुरू झालेलं काम पुढे कर्जतच्या केंद्रात वाढलं. हजारो माणसं बरी होऊन देशभरातल्या आपापल्या गावी पोचली, आणि २०१८मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाने एक मोठी गोष्ट सिद्ध केली. ज्याला सगळा गाव ‘वेडा’ म्हणून ओलांडून जातो, तो माणूस काही आठवड्यांच्या नियमित औषधोपचारानंतर आपलं नाव सांगतो, गाव सांगतो, आईची चौकशी करतो.

पण प्रत्येकाला उचलून केंद्रात नेता येत नाही, आणि नेऊही नये. कोलकात्याच्या ईश्वर संकल्प या संस्थेने २००७पासून वेगळी वाट धरली. माणूस जिथे राहतो तिथेच, त्या फुटपाथवर, उपचार. कार्यकर्ते रोज येतात, चहा देतात, शेजारी बसतात. ओळख व्हायला वेळ लागतो, पण त्याशिवाय पुढे काही होत नाही. मग डॉक्टर तिथेच तपासतो. आणि रोजच्या गोळीची जबाबदारी घेतो तो कोपऱ्यावरचा चहावाला, भाताचं हॉटेल चालवणारी बाई, पानपट्टीवाला. ‘काका, जेवण ठेवलंय, आधी गोळी घ्या,’ एवढं म्हणणारं रोजचं माणूस मिळालं, की नातेवाईकाची निम्मी जागा भरते. दिल्लीतही इहबास या सरकारी संस्थेचे डॉक्टर जामा मशिदीच्या परिसरात बेघरांसाठी दवाखाना चालवत आले आहेत. सरकारी यंत्रणेला रुग्णालयाचं फाटक ओलांडून बाहेर जाता येतं, हे त्यातून दिसलं.

आता रस्त्यावर औषध देताना काय काय आडवं येतं ते पाहा. स्किझोफ्रेनियावरची कित्येक औषधं गाढ झोप आणतात. घरातल्या रुग्णाला ती झोप हवीच असते. फुटपाथवरच्या बाईला मात्र गाढ झोप म्हणजे अंगावर कोण आलं ते न कळणं. ती गोळी थुंकून टाकते तेव्हा केसपेपरवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असं लिहिलं जातं. तिचा तो निर्णय अत्यंत शहाणपणाचा असतो, हे आपल्याला कळायला हवं. उन्मादाच्या आजारावर लिथियम हे उत्तम औषध आहे. पण त्यासाठी रक्ताची नियमित तपासणी लागते आणि शरीरातलं पाणी कमी झालं तर ते विषारी ठरू शकतं. मे महिन्याच्या उन्हात ज्याला पिण्याचं पाणी मागून घ्यावं लागतं, त्याला मी लिथियम कसं देऊ? क्लोझापिनचंही तसंच, रक्ततपासणी चुकवून चालत नाही. गोळ्या ठेवायला पेटी नाही, पावसात पिशवी भिजते, महापालिकेची गाडी आली की पिशवीच जाते. म्हणून दोन ते चार आठवड्यांतून एकदा द्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन इथे फार उपयोगी पडतं. पण तेही त्याच माणसाला त्याच ठिकाणी पुन्हा शोधून द्यावं लागतं. छप्पर हा उपचाराचा भाग आहे असं मी म्हणते ते या अर्थाने. त्याच्यावाचून योग्य औषध निवडण्याचीही सोय उरत नाही.

व्यसनाचंही असंच आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. समोर नसलेली माणसं, किडे दिसतात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे आणि उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो. कोठडीत किंवा निवारा केंद्रात हे घडलं, की ‘नाटक करतोय’ किंवा ‘वेड लागलं’ असं ठरवलं जातं. उपाशीपोटी पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता असते. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन दिलं, तर मेंदूची कायमची हानी टळू शकते. हे साधं आणि स्वस्त औषध आहे. अपघात विभागात रस्त्यावरचा रुग्ण आला की ते आठवलं पाहिजे.

गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांवर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही पर्यायी औषधं रोज देखरेखीखाली दिली जातात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी या उपचाराची केंद्रं चालतात. ‘एक नशा सोडवून दुसरी लावता,’ असा आक्षेप येतो. पण या उपचारात तलफ आटोक्यात राहते, सुई वापरणं कमी होतं, मृत्यू कमी होतात, माणूस कामाला लागतो. उलट, नुसतं काही दिवस नशा तोडून माणसाला परत त्याच पुलाखाली सोडणं धोक्याचं असतं. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. तो जुन्याच मात्रेने पुन्हा घेतो, आणि त्या मात्रेने मरतो.

एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. घरदार असलेल्यांसह ही परिस्थिती आहे. महाराष्ट्राने या क्षेत्रात मोठी परंपरा निर्माण केली आहे. पुण्यात १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे उभे राहिले. मुक्तांगणने आपल्याला शिकवलं की व्यसन हा आजार आहे, आणि त्यातून बाहेर येताना बायको, आईवडील, जुने सोबती यांना बरोबर घेऊन चालावं लागतं, केंद्रातून गेल्यावरही पाठपुरावा लागतो. त्या शिकवणीचा पुढचा टप्पा आपल्यापुढे आहे. ज्याला बायको, आईवडील, सोबती यांपैकी कोणीच नाही, त्याच्यासाठी ते वर्तुळ नव्याने जमवावं लागेल.

माणूस बरा झाल्यानंतर काय? काही घरं आनंदाने दार उघडतात. काही घरांत त्याचे दिवसही घालून झालेले असतात, तरी आई ओळखते आणि मिठी मारते. पण काही ठिकाणी दार उघडत नाही. भावांनी जमीन वाटून घेतलेली असते, नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असतं. अशी माणसं रुग्णालयातच राहतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सरकारी मनोरुग्णालयांतले ३६ टक्क्यांहून अधिक रुग्ण एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ तिथेच असल्याचं आढळलं, म्हणजे जवळजवळ पाच हजार माणसं. कुटुंब नाही, कुटुंबाने नाकारलं किंवा राहायला जागा नाही, एवढ्या कारणाने कोणालाही मानसिक आरोग्य संस्थेत ठेवता येणार नाही, असं मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १९ सांगतं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली आपली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं या ओझ्याखाली आहेत. आणि बऱ्या झालेल्या माणसाने अडवलेली प्रत्येक खाट रस्त्यावरच्या एका आजारी माणसाला नाकारली जाते.

चेन्नईच्या ‘द बनयन’ संस्थेने यावर उत्तर शोधलं. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३मध्ये रस्त्यावरच्या मानसिक आजारी स्त्रियांसाठी ती सुरू केली. घरी परत जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी ‘होम अगेन’ हा उपक्रम आखला. सर्वसाधारण वस्तीत घर भाड्याने घ्यायचं, चार-पाच जणींनी मिळून राहायचं, मदतीला एक प्रशिक्षित सोबतीण, आणि बाकी सगळं चारचौघींसारखं: भाजी आणणं, कुकर लावणं, शेजारणीशी बोलणं, जमेल तर कामाला जाणं. तमिळनाडूबाहेरही, महाराष्ट्रासह इतर राज्यांत, हा उपक्रम गेला. वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेल्या स्त्रिया अशा घरात आपल्या आवडीचा भात रांधतात, आवडीची साडी निवडतात. ही निवड परत मिळणं हेही बरं होण्याचं लक्षण आहे.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेंबेरिस यांनी १९९२मध्ये न्यूयॉर्कमध्ये हाच विचार ठामपणे मांडला. आधी घर द्या, आधी दारू सोड किंवा आधी गोळ्या सुरू कर अशी अट घालू नका. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांवर याची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. ज्यांना आधी घर आणि बरोबर मदत मिळाली, ती माणसं फक्त नेहमीच्या सेवा मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा घरात कितीतरी जास्त टिकून राहिली. पण मानसिक लक्षणं आणि व्यसन यांत दोन्ही गटांची सुधारणा साधारण सारखीच होती. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. घर दिलं की आजार आपोआप जातो, असा दावा कोणी करू नये. घर म्हणजे शेतीतल्या जमिनीसारखं आहे. तिच्यावर मशागत करावीच लागते, पण ती नसेल तर बी टाकायचं कुठे?

‘इतका पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. पण पैसा आजही खर्च होतोच आहे. तोच माणूस वारंवार अपघात विभागात येतो, भिक्षेकरी गृहात जातो, क्षयाचा उपचार अर्धवट सोडून पुन्हा आजारी पडतो. ‘इच्छेविरुद्ध उचलून न्यायचं का?’ हा दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. जीव धोक्यात असेल तेव्हा कायदा मर्यादित काळासाठी तशी मुभा देतो. एरवी माझं उत्तर एकच आहे, पुन्हा पुन्हा जाऊन विचारायचं. नकार देणारी बहुतेक माणसं उपचाराला नाही म्हणत नसतात. आजवर उपचाराच्या नावाखाली जे झालं, मुंडण, दोरखंड, गाडीत कोंबणं, त्याला ती नाही म्हणत असतात.

आपल्या शहरापुरतं काय करता येईल, ते नेमकं सांगते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांनुसार दर एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांसाठी कायम निवारा असायला हवा. तो आपल्याकडे आहे का, आणि मानसिक आजार किंवा व्यसन आहे म्हणून तिथून कोणाला परत पाठवतात का, हे विचारा. निवाऱ्यात आठवड्यातून एकदा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक यावं आणि रोजच्या औषधांसाठी एक परिचारिका असावी. जिल्हा रुग्णालयात दारूची आणि मनाची लक्षणं एकत्र पाहणारा वॉर्ड असावा, दोन वेगळ्या खिडक्या नकोत. प्रत्येक पोलीस ठाण्यात कलम १००चा मजकूर मराठीत लावलेला असावा. स्वयंसेवी संस्थांनी नामनिर्देशित प्रतिनिधी होण्यासाठी पुढे यावं. निवाऱ्याच्याच पत्त्यावर आधार कार्ड काढून द्यावं, म्हणजे पुढच्या दारांवरची अडवणूक कमी होईल. आणि घरमालकांनो, बऱ्या झालेल्या चार बायका तुमच्या इमारतीत भाड्याने राहायला आल्या, तर सोसायटीच्या सभेत त्यांच्या बाजूने हात वर करा.

यांपैकी एकाही कामासाठी नवा कायदा लागत नाही. नवं औषधही लागत नाही. लागतं ते इतकंच, की ज्याला कोणी नाही त्याच्या केसपेपरवरची ‘नातेवाईक’ची ओळ भरणं ही संपूर्ण शहराची जबाबदारी आहे, हे आपण मान्य करावं. या सभागृहातल्या दहा जणांनी या महिन्यात जवळच्या निवारा केंद्रात जाऊन आपलं नाव आणि दूरध्वनी क्रमांक तिथल्या व्यवस्थापकाकडे नोंदवला, तर दहा रुग्णांच्या उपचाराची सुरुवात होऊ शकते. मी येत्या रविवारी सकाळी जाणार आहे. आपणही या.